साठ रुपयांच्या चार्जरवर झिरोचा बल्ब लागला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वायरमन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ३४ वर्षं लूमच्या मोटरी, पॅनेल आणि शेडमधली वायरिंग सांभाळली. आता चार वर्षं घरीच असतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि विषय काय, तर मोबाइलचा चार्जर. हसू नका. ४४० व्होल्टच्या पॅनेलमध्ये हात घालून मी कधी घाबरलो नाही, पण या काड्यापेटीएवढ्या डबीने मला घाम फोडला.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. नातवाला पाळण्यात बसवलं, सौ.ने बांगड्या घेतल्या, आणि होम मैदानातून बाहेर पडताना मी ६० रुपयांचा एक पांढरा चार्जर उचलला. मीच उचलला, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. घरी आणून ओट्याच्या कोपऱ्यातल्या सॉकेटमध्ये लावला. दोन-अडीच महिने तो गुपचूप काम करत राहिला. तापायचा नाही, आवाज नाही, फोन वेळेत भरायचा. मी सौ.ला म्हणालोसुद्धा, बघ, उगीच सहाशेचा कशाला घ्यायचा.

पाडव्याच्या आवराआवरीत तिने ओटा रिकामा करून घासला आणि सगळं परत जागच्या जागी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. मुलीचा फोन वाजला. पिठाचा ओला हात पुसत न पुसत तिने केबलची पिन ओढली आणि अशी किंचाळली की बाहेर पेपर वाचत बसलेला मी उठून धावलो. फोन परातीत, पिठात. ती हात दाबून उभी. म्हणाली, "चुणचुण नाही ओ, झटका. पार खांद्यापर्यंत गेला."

तिच्या पायात चप्पल होती. टाचदुखीसाठी डॉक्टरांनी घरातही मऊ चप्पल घालायला सांगितलीय, ती. उघड्या पायाने, ओल्या फरशीवर, दुसरा हात नळाला लागलेला असता तर काय झालं असतं याचा हिशोब मला येतो. घाम फुटला तो त्या हिशोबाने. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताची पकड सुटेनाशी होते. तीसच्या पुढे जीवाशी खेळ.

दुपारी मी चार्जर टेबलावर घेतला. आधी मल्टिमीटर लावला. आउटपुट ५.१ व्होल्ट, अगदी जसं हवं तसं. कुठल्याही मोबाइलवाल्याकडे नेला असता तर त्याने एवढंच बघून "एकदम ओके आहे काका" म्हणून परत दिला असता. मग आमची जुनी वायरमनी युक्ती केली. १५ वॅटचा झिरोचा बल्ब होल्डरमध्ये लावला, त्याची एक वायर केबलच्या निगेटिव्हला जोडली आणि दुसरी अर्थिंगला. बटण दाबलं. बल्ब लागला.

पाच व्होल्टच्या केबलवर २३० व्होल्टचा बल्ब! देव्हाऱ्यात लागतो तसा लख्ख. सौ. दारात उभी होती. तिला यातलं काही सांगावं लागलं नाही.

पुढचं मात्र मलाही सुचलं नव्हतं. चार्जर सॉकेटमधून काढला, उलटा करून परत लावला, आणि बल्ब विझला. पुन्हा पहिल्यासारखा लावला, लागला. टू-पिनला उलट-सुलट नसतं, कसाही लावा. एका बाजूने लावला की केबलवर न्यूट्रल येत होता, दुसऱ्या बाजूने लावला की फेज, म्हणजे झटका देणारी तार. अडीच महिने आमच्या ओट्यावर तो नशिबाने 'सुलटा' बसला होता. पाडव्याला साफसफाई झाली आणि तो फिरला, एवढंच.

उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. चार्जरच्या आत दोन घरं असतात असं समजा. एका घरात भिंतीतली वीज येते. २३० व्होल्ट एसीचा डीसी केला की त्याचे सव्वातीनशे व्होल्ट होतात, ते तिथे साठतात. दुसऱ्या घरात तुमच्या फोनचे पाच व्होल्ट. मधे भिंत. तारेने कुठेही न जोडता ट्रान्सफॉर्मरमधून फक्त चुंबकत्वाने ताकद पलीकडे जाते. भिंत ओलांडणारा एक भाग मात्र मुद्दाम बसवतात. त्याला वाय कॅपॅसिटर म्हणतात, दिसायला निळी चकती, रेडिओतला खरखराट आणि इतर गोंधळ कमी करायला. ही चकती खास जातीची लागते. बिघडली तरी शॉर्ट होऊन विजेला वाट द्यायची नाही, अशी तिची बांधणी असते, आणि अंगावर वाय-१ किंवा वाय-२ असं छापलेलं असतं. माझ्या चार्जरमध्ये तिच्या जागी साधी चकती होती, एक केव्हीची, बाजारात रुपया-दोन रुपयांना मिळते ती. ती शॉर्ट झालेली. भिंतीला भगदाड पडलं होतं, आणि पाच व्होल्ट तरीही ठणठणीत येत होते.

इस्त्रीला, मिक्सरला काही झालं तर तिसरी पिन असते, गळती अर्थिंगमधून निघून जाते. चार्जरला दोनच पिना. अर्थिंगचा आधारच नाही, म्हणून त्याची सगळी भिस्त या आतल्या भिंतीवर. चांगल्या चार्जरवर चौकोनात चौकोन असं एक बारीक चिन्ह असतं, त्याचा अर्थच हा, की इथे दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही. ६० रुपयांच्या माझ्या चार्जरवरही ते चिन्ह होतं. छापायला काय लागतं!

मला राहवेना. आठ-दहा दिवसांत शहरात फिरून आणखी सहा चार्जर आणले, ८० पासून १५० रुपयांपर्यंतचे, आणि तुलनेला मुलाचा कंपनीचा एक, बिलासकट. कुठून आणले ते लिहीत नाही. एखाद्या पोराचा गाडा उठवायचा नाही मला. त्यातल्या एकाला मी विचारलं, "हे तपासलेले आहेत का रे?" तर म्हणाला, "साठ-सत्तर रुपयांत काय काय तपासू काका? लावून दाखवतो, लाइट लागते का बघा." त्याचं तपासणं म्हणजे लाल दिवा लागणं. त्यालाही कुणी दुसरं काही शिकवलेलं नाही.

तपासणी काय केली, ते थोडक्यात सांगतो. कुणी घरी करू नये, हे आधीच लिहून ठेवतो. उघडा चार्जर सॉकेटमधून काढल्यावरही आतला कॅपॅसिटर चटका देतो. आधी बल्ब, दोन्ही बाजूंनी उलटसुलट. नव्या सहांपैकी एकावरही तो लागला नाही, सहाही त्यात सुटले. मग बल्बऐवजी दोन किलोओमचा रेझिस्टर आणि त्यावर मीटर. आपल्या अंगाच्या रोधाच्या जवळपास जाणारा हा आकडा. मीटरवर अर्धा व्होल्ट आला म्हणजे पाव मिलिअँपिअर गळती, आणि अशा उपकरणाला तेवढीच मुभा असते. कंपनीच्या चार्जरने ०.१६ व्होल्ट दाखवला, म्हणजे ०.०८ मिलिअँपिअर. दोन स्वस्तातले त्याच्या आसपास. एकाने ०.९ दाखवला, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

इथे एक गैरसमज काढतो, कारण दहा जण मला हेच विचारतात. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेवरून बोट हलकेच फिरवलं की खरखर लागते, किंवा टेस्टर धरला की मंद लागतो. त्यावरून चार्जर वाईट ठरत नाही. चांगल्या कंपनीच्या चार्जरलाही त्या वाय कॅपॅसिटरमुळे किंचित गळती असतेच, ती ठरवून दिलेल्या मर्यादेत असते. नुसता मीटर लावला तर ऐंशी-शंभर व्होल्टही दिसतात, पण त्यामागे दम नसतो, रेझिस्टर जोडला की पडतात.

उरलेल्या तिघांनी मला फसवलं. रेझिस्टरवर शून्य. टेस्टर लागत नाही, खरखर नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, फिरवला, ५०० व्होल्टला काटा थेट अनंतावर. मी म्हटलं, वा, हे तर कंपनीपेक्षा सरस निघाले. मग कापून उघडले. निळी चकतीच नव्हती, पैसे वाचवायला बसवलीच नव्हती. म्हणून गळती शून्य. पण पीसीबी, म्हणजे आतली सर्किटची पाटी, उलटी करून पाहिली, तर जिथे दोन घरांच्या मधे किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळी पट्टी सोडायची असते, तिथे एकात माझ्या व्हर्नियरवर १.१ मिलिमीटर भरले. त्या फटीत कथिलाचा एक बारका थेंब अडकलेला, म्हणजे प्रत्यक्षात अर्धाच मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मर उकलला. वरच्या आणि खालच्या वाइंडिंगमध्ये पिवळ्या टेपचा एकच वेढा, तोही कडेला सरकून दुमडलेला. खाली नुसती इनॅमलची तार. आमच्या कारखान्यात जळालेली मोटर रिवाइंड करून आणणारा मुलगासुद्धा इतकं उघडं काम करायचा नाही.

मी त्या पीसीबीवर तोंडाने वाफ सोडली, चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी, आणि पुन्हा मेगर लावला. अनंतावरचा काटा पाव मेगाओमच्या खाली आला. कोरड्यात पास, दमटात नापास. आणि आमच्या शहराच्या पूर्व भागात घराघरांत माग आहेत. सुताची बारीक रुई प्रत्येक सॉकेटमध्ये, बोर्डात, चार्जरच्या फटीत जाऊन बसते, वर पावसाळ्याची ओल धरते. त्यात रात्री माग बंद झाले की विजेचा दाब चढतो. माझ्या मीटरवर २४८ मी पाहिलेत. आणि वळवाच्या वाऱ्यात न्यूट्रल तुटला तर दोन फेजमधले ४०० व्होल्ट घरात शिरतात, टीव्ही-फ्रिज जळाल्याचे किस्से प्रत्येक गल्लीत आहेत. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने हे सगळं अडवायचं.

म्हणजे झटका देणारा चार्जर निदान ओरडून सांगतो. हे गप्प बसलेले जास्त वाईट.

फ्यूजही एकालाच होता. बाकीच्यांत पीसीबीवरची बारीक रेघ हाच फ्यूज, असं समजून चालायचं. अँपिअरचं तर बोलायलाच नको. ३.१ अँपिअर छापलेल्या एकावर मी एकच अँपिअर भार टाकला, तर तो ४.१ व्होल्टवर येऊन धापा टाकायला लागला. पण त्याने फोन सावकाश भरेल, माणूस मरणार नाही, म्हणून सोडून देतो. चपट्या पिनांचे जे येतात ते आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये लटलटतात, ठिणगी पडते, सॉकेट काळं होतं. तेही टाळावेत.

हा प्रकार काही सोलापूरचाच नाही. अमेरिकेतल्या यूएल या नावाजलेल्या तपासणी संस्थेने २०१६ मध्ये आयफोनचे म्हणून विकले जाणारे ४०० बनावट चार्जर तपासले. ४०० मधले ३ पास झाले. १२ तर थेट जीव घेऊ शकतील असे होते. माझ्या टेबलावरचा सातांतला एक बघता मला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही.

कायदा नाही असंही नाही. केंद्र सरकारचा सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला, पुढे अ‍ॅडॅप्टर-चार्जरही त्यात आले. चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह हवं, वर आयएसने सुरू होणारा मानकाचा नंबर आणि खाली इंग्रजी आर व त्यापुढे आठ आकडे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप फुकट मिळतं, त्यात हा आर नंबर टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. मी टाकून पाहिले. माझ्या साठवाल्यासकट सातांतल्या चारांवर नंबरच नव्हता. दोघांवर होता, पण अ‍ॅपवर सापडला नाही. एकाचा सापडला, आणि तो निघाला भलत्याच कंपनीच्या भलत्याच वस्तूचा. कंपनीच्या चार्जरचा तेवढा बरोबर जुळला. दुकानात उभ्या उभ्या करता येते ही तपासणी, मिनिटभराचं काम. दुकानदाराला राग येतो खरा. एकाने मला विचारलं, "इन्कम टॅक्सवाले का ओ तुम्ही?"

आता मागणी. मंगळवार बाजारात शेंगा घेताना तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे बघायचा मला हक्क आहे. पावशेरात दहा ग्रॅम कमी भरले तर माझं फार तर दोन रुपयांचं नुकसान. तरी त्यासाठी खातं आहे, शिक्का आहे, दंड आहे. चार्जरसाठीही कायदा आहे, पण साध्या माणसाला तो तपासून बघायला शहरात जागा कुठे आहे? माझी सूचना अशी, की आपल्या शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या मुलांनी महिन्यातून एका शनिवारी एक टेबल मांडावं. मेगर, मीटर, रेझिस्टर हे सगळं तिथे असतंच. लोकांनी घरातले चार्जर आणावेत, मुलांनी शिक्षकांसमोर तपासावेत, आर नंबर बघावा, आणि नापास झालेल्याच्या पिना मालकाच्या परवानगीने तिथेच छाटाव्यात. मुलांना सराव होईल. मी स्वतः दर वेळी येऊन बसायला तयार आहे, चहासुद्धा घरून पिऊन येईन. गड्ड्याच्या पंधरवड्यात होम मैदानाच्या दारात असं एक टेबल लागलं, तर गाडेवालेच माल आणताना विचार करतील. त्या पोरांनाही खराब माल नकोच असतो, गिऱ्हाईक परत येऊन भांडतं तेव्हा ते एकटेच सापडतात.

ज्यांची फसवणूक झाली त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन करावा. बिल जवळ असलं तर बरं, पण साठ रुपयांचं बिल कोण मागतो? मीही मागितलं नव्हतं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. ३४ वर्षं लोकांच्या शेडमध्ये ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवणाऱ्या माझ्या घरात ईएलसीबी नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सौ.ने दोन दिवस तेच ऐकवलं. तिसऱ्या दिवशी तीस मिलिअँपिअरचा बसवला, आणि मग खात्री करायला तोच चार्जर, तोच झिरोचा बल्ब, त्याच उलट्या बाजूने लावला. बल्ब लुकलुकायच्या आत बोर्डात खट् झालं आणि घर अंधारात गेलं. जुन्या वाड्यांत, चाळींत राहणाऱ्यांनी दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करून घ्यावं. आणि आता उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना एक्स्टेंशन बोर्ड लोखंडी खाटेवर ठेवून फोन उशाखाली चार्जिंगला लावायची जी पद्धत पडलीय, ती तेवढी बंद करावी. कूलरच्या पत्र्याला हात लावताना आपण दहादा विचार करतो, तो त्या केबलबाबतही करावा.

पत्र फार लांबलं, याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट केलीत तरी चालेल, अँपिअरचं आणि माझ्या ईएलसीबीचं काढून टाका. पिन उलटी केल्यावर बल्ब विझला, तेवढा मजकूर मात्र कृपया राहू द्यावा.

आपला,
एक निवृत्त वायरमन,
जुळे सोलापूर